घोडं पेंड खातं कुठे?

या सदराच्या नेहमीच्या वाचकांना माझी नव्याने ओळख करून देण्याचे कारण नाही. वर्षभर मी इस्त्री का तापत नाही, पंखा ऐन उन्हाळ्यात का मंदावतो, मिक्सरच्या पोटातून जळका वास का येतो, असल्या घरगुती गाऱ्हाण्यांचा समाचार घेत असतो. दिवाळी अंकासाठी मात्र संपादकांची फर्माईश निराळी असते. विषय विजेचाच हवा, पण चकलीसारखा खुसखुशीत हवा! म्हणून यंदा उपयोगाचे यंत्र बाजूला ठेवून निव्वळ करमणुकीचे एक यंत्र घेतले आहे. त्याचे नाव पिनबॉल.

पिनबॉल पाहिला नसेल, पण बगाटेल आपल्यापैकी पुष्कळांनी खेळलेले असेल. मे महिन्याची सुटी, बाहेर रणरणते ऊन, आणि माजघरात पालथी पडलेली चार भावंडे. मध्ये एक लाकडी फळी, तिच्यावर खिळ्यांची कुंपणे, आणि त्या कुंपणांतून घरंगळणारी गोळी पन्नासाच्या घरात पडते की शून्याच्या, यावरून हमरीतुमरी! पिनबॉल हे त्याच बगाटेलचे अमेरिकेत जाऊन श्रीमंत झालेले भावंड. ‘पिन’ म्हणजे आपले तेच खिळे. फळीला पाय फुटले, वर काच आली, मागे रंगीत दिव्यांचा फलक उभा राहिला आणि पोटात वीज शिरली.

ही वीज शिरली कधी, तेही थोडक्यात सांगतो. 1931 साली शिकागोच्या गॉटलिब कंपनीने ‘बॅफल बॉल’ नावाचा खेळ काढला. त्यात विजेचा संबंध नव्हता. मंदीच्या दिवसांत एका नाण्यात थोडी करमणूक, एवढाच त्याचा महिमा. 1933 मध्ये हॅरी विल्यम्स नावाच्या कल्पक माणसाने ‘कॉन्टॅक्ट’ या खेळात बॅटरीवर चालणारी कॉइल बसवली. खड्ड्यात पडलेला चेंडू ती कॉइल आपणहून बाहेर फेकी. 1947 मध्ये गॉटलिबच्याच ‘हम्प्टी डम्प्टी’त फ्लिपर आले, म्हणजे बाजूचे बटण दाबताच चेंडूला टोला देणाऱ्या लहानशा फळ्या. तोपर्यंत हा बराचसा नशिबाचा खेळ होता. न्यूयॉर्कच्या महापौर ला गार्डिया यांनी त्याला जुगार ठरवून 1942 मध्ये बंदी घातली आणि जप्त केलेली यंत्रे घणाने फोडवली. ती बंदी उठायला 1976 साल उजाडले. रॉजर शार्प या खेळाडूने नगरपालिकेच्या समितीसमोर प्रत्यक्ष खेळून, चेंडू कुठून जाईल हे आधी सांगून दाखवले, तेव्हा हे कौशल्याचे काम आहे हे कारभाऱ्यांना पटले. गंमत अशी, की ज्या शिकागोत ही यंत्रे बनत, त्या शहरातही 1970 च्या दशकापर्यंत ती खेळणे बेकायदा होते!

त्या शिकागोच्या एका उपनगरात माझी मुलगी राहते. गेल्या वर्षी तिच्याकडे सहा महिने राहण्याचा योग आला. शेजारी ऐंशी उलटलेले एक गृहस्थ. हयातभर त्यांनी दारूच्या गुत्त्यांत आणि खाणावळींत ठेवलेल्या पिनबॉलच्या यंत्रांची दुरुस्ती केली. आता कंपवाताने हात थरथरत. घर विकून ते मुलाच्या गावी लहानशा जागेत जाणार होते. त्यांच्या तळघरात 1960 च्या दशकातले एक यंत्र बारा वर्षे बंद पडून होते. नातीला ते हवे होते. पण मुलाची अट अशी, की चालत असेल तर आणू, बंद खोका घरात नको. शनिवारी भंगारवाला येणार होता. मी विजेच्या कामात चाळीस वर्षे काढली हे मुलीने त्यांना सांगितलेले, त्यामुळे बुधवारी संध्याकाळी ते आमच्या दारात उभे.

“माझ्या डोक्यात सगळे शाबूत आहे,” ते म्हणाले, “हातात काही उरलेले नाही. तुम्ही तुमचे हात द्याल का?”

पुढील तीन संध्याकाळी त्या तळघरात जे झाले, त्यातून दोष शोधण्याची जी रीत मी पाहिली, ती वाचकांपुढे ठेवावी असे वाटते. ती पिनबॉलपुरती नाही.

प्रथम काच सरकवून काढली आणि खेळाची फळी पेटीच्या झाकणासारखी उचलली. आतला देखावा पाहून धीर खचावा! कापडी वेष्टणाच्या रंगीबेरंगी तारांच्या जुड्या, डझनावारी कॉइली, आणि शेकडो लवचिक पत्त्या. पण या गर्दीत जाती चारच आहेत. एक ट्रान्सफॉर्मर: तिकडे घरात येणाऱ्या 120 व्होल्टांतून तो दिव्यांसाठी सुमारे 6 आणि कॉइलींसाठी 25च्या आसपास व्होल्ट काढून देतो. दुसरी जात कॉइलींची: वीज मिळाली की त्या लोखंडी दांडी आत ओढतात, आणि त्या ओढीतूनच टोला, घंटा, आकड्यांची चाके, सारे चालते. तिसरी रिले: एका कॉइलच्या इशाऱ्याने एकदम पाच-सात पत्त्यांची उघडझाक करणारा मुकादम. चौथी एक लहानशी मोटर. तिच्या आसावर खाचा पाडलेल्या चकत्या असतात आणि फिरताना त्या ठराविक क्रमाने पत्त्या मिटवतात, उघडतात. कोणते काम कशाच्या आधी नि कशाच्या नंतर, ते ही मोटर ठरवते. संगणक येण्यापूर्वीचे हे पंचांगच म्हणा ना! या चार जातींना एकत्र जोडते ती पत्ती. दोन पत्त्यांच्या टोकांची बटणे एकमेकांना टेकली की वीज जाते, सुटली की थांबते. सारे राज्य या टेकण्या-सुटण्यावर.

बुधवारी दिवे लागत होते, पण बटण दाबले तरी हूं नाही की चूं नाही. म्हातारबोवांनी खुर्चीत बसूनच निदान केले. दिवे आहेत, म्हणजे भिंतीतली वीज, दोरी, मुख्य फ्यूज, ट्रान्सफॉर्मर, हे सगळे सुटले. कॉइलींचा फ्यूज वेगळा असतो, तो पाहा. मी प्लग काढला आणि फ्यूज पाहिला. तो उडालेला होता, आणि त्याच्यावर कोणी तरी सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळून ठेवली होती!

वाचकहो, हे वाचून हसू नका. आपल्याकडे उडालेल्या फ्यूजमध्ये जाड तार घालणारे हुशार लोक गल्लोगल्ली आहेत. फ्यूज उडतो तेव्हा तो आपले काम करून मेलेला असतो. त्याला चांदीचा कफन घालून पुन्हा उभा केला, तर पुढची पाळी तारेची, आणि तारेनंतर लाकडी पेटीची. पेटी जिथे ठेवली ते घरही लाकडाचेच होते. फ्यूज बदलायचा तर त्याच्यावर छापलेल्या अँपिअरचाच, आणि पुन्हा उडाला तर तिसरा घालण्याआधी कारण शोधायचे.

आम्ही योग्य मापाचा नवा घातला. बटण दाबताच तोही गेला. प्लग काढून एकेक कॉइल न्याहाळू लागलो. बंपर म्हणून एक वाटोळे उपकरण असते, चेंडू शिवला की ते त्याला झटकून देते. त्यातल्या एकाच्या कॉइलचा कागद काळा पडला होता. मीटर लावला तर विरोध जवळजवळ शून्य, म्हणजे आतले वेष्टण जळून तारेला तार चिकटलेली. कॉइल बदलणे सोपे होते; जुन्या सुट्या भागांचा एक डबाच त्यांच्याकडे होता. पण त्यांनी मला थांबवले. कॉइल का जळली, ते आधी पाहा, म्हणाले. ही कॉइल क्षणभर वीज घेण्यासाठी बनलेली असते. चेंडू शिवला, ओढ घेतली, सुटली. ती जळली याचा अर्थ तिला कोणी तरी वीज देतच राहिले. बंपरच्या खालची पत्ती पाहिली तर ती वाकून कायमची टेकलेली! तशीच ठेवून नवी कॉइल घातली असती, तर तीही काही मिनिटांत त्याच वाटेने गेली असती. पत्ती सरळ केली, मग कॉइल बदलली. फ्यूज टिकला.

गुरुवारची संध्याकाळ मात्र खरी कसोटीची. आता यंत्र जागे झाले होते. नवा डाव सुरू करताना गुणांची चारही चाके शून्यावर यायला हवीत. बटण दाबले की मोटर फिरे, चाके टकटक करीत पुढे सरकत, तीन शून्यावर येऊन थांबत, आणि चौथे सातावर अडून बसे. चौथे शून्यावर येत नाही म्हणून मोटर थांबत नाही, आणि मोटर थांबत नाही म्हणून डाव सुरू होत नाही. नुसती गुरगुर. मला मोटरचाच संशय आला होता. आवाज तिचाच ना!

म्हातारबोवांनी बोटे मोजायला सुरुवात केली. मोटर सर्व चाकांना एकाच पत्तीतून ठोके पाठवते. तीन चाकांना ठोके मिळाले, म्हणजे ती पत्ती चांगली, मोटर चांगली, सामाईक तारही चांगली. चार भावांपैकी तिघांना घरात वेळेवर जेवण मिळत असेल, तर स्वयंपाकघराला नावे ठेवण्यात अर्थ नाही. चौथ्याच्या ताटापर्यंतची वाट पाहावी. त्या वाटेवर राहिले काय? चौथ्या चाकाची स्वतःची कॉइल, त्याची रिलेवरची पत्ती, आणि चाक शून्यावर येताच उघडणारी त्याची पत्ती. शेकडो पत्त्यांवरून आम्ही एका मिनिटात तीन वस्तूंवर आलो, आणि तोवर हातात पकडसुद्धा घेतली नव्हती!

मग दुसरा प्रश्न: दोष विजेचा की लोखंडाचा? प्लग काढून चाकाची दांडी बोटाने दाबून सोडली. ती झटकन परत आली आणि चाक सातावरून आठावर गेले. जुने तेल गोंदासारखे घट्ट होऊन दांडी अडकते, हा या यंत्रांचा नेहमीचा आजार. तो इथे नव्हता. चाक पुन्हा सातावर आणले. मग कॉइलचा विरोध मोजला, तो बरोबर निघाला. उरल्या दोन पत्त्या. त्यांनी मला चिमटे लावलेली एक तार दिली आणि कोणत्या दोन टोकांना लावायची ते नकाशावर दाखवले. हा नकाशा यंत्राबरोबरच येतो. त्यावर प्रत्येक तारेचा रंग लिहिलेला असतो, आणि यंत्र कोणत्या अवस्थेत आहे असे धरून तो काढला आहे तेही. त्यांच्या नकाशाच्या कडा बारीक पेन्सिलीच्या टिपणांनी भरल्या होत्या. मी प्लग लावला आणि 25 व्होल्टांच्या भागातच ती तार रिलेच्या पत्तीवरून टेकवली. काही नाही. शून्याच्या पत्तीवरून टेकवली, तोच चाक सात, आठ, नऊ करीत शून्यावर गेले.

ती पत्ती मी आधी भिंगातून पाहिली होती. दिसायला निर्दोष. दोन्ही बटणे टेकलेली. पण टेकणे आणि जोडणे यांत फरक असतो. बारा वर्षांत बटणांवर मळकट करडा थर चढला होता, डोळ्यांना न दिसणारा आणि 25 व्होल्टांना न ओलांडवणारा. प्लग काढून मी पाकिटातून माझेच भेटपत्र काढले, त्याची पट्टी फाडली, पत्त्यांच्या मध्ये घालून हलकेच दाबून चारदा ओढली. कागदावर काळी रेघ उमटली. प्लग लावून बटण दाबले. चौथे चाक आणि मोटर दोन्ही थांबली, आणि तळघर एकदम शांत झाले. मग चेंडू खेळायला बाहेर आला.

वाचकांपैकी कोणाच्या हातात असल्या पत्त्या आल्या, जुन्या दारघंटेत किंवा खेळण्यात त्या असतातच, तर त्यांनी एवढे ध्यानात ठेवावे. चांदीच्या बटणांना पॉलिश कागद घासू नये. ओरखडे राहतात आणि त्यांतच पुढची घाण साठते. कागदाची पट्टी किंवा अगदी बारीक लवचिक कानस पुरे. तेल किंवा गंजाचा फवारा तर मुळीच मारू नये. पत्ती सुटताना ठिणगी पडते. तेल जळून काजळी धरते आणि फवारा पेटूही शकतो. पत्ती वाकवायची तर मधे नव्हे, बुडाशी. आणि टेकल्यावर एका पत्तीने दुसरीला किंचित रेटले पाहिजे, म्हणजे बटणे दर वेळी एकमेकांना घासून आपणच स्वच्छ राहतात.

शुक्रवारी खेळून पाहिले, तर डावा फ्लिपर मरगळलेला. याच्या कॉइलची रचना मोठी बोधप्रद आहे. तिच्यात दोन वेष्टणे असतात. जाड तारेचे टोला मारण्यासाठी भरपूर वीज घेते. बारीक तारेचे, टोला झाल्यावर फ्लिपर नुसता उचलून धरण्यासाठी थोडीशीच. फ्लिपर वर पोचला की तोच एका पत्तीला ढकलून उघडतो आणि जाड वेष्टणाचा जोर कमी होतो. ही पत्ती मळली तर जाड वेष्टणाला पुरेशी वीज मिळत नाही, फ्लिपर लुळा पडतो. उलट ती उघडलीच नाही, तर बटण दाबून धरणाऱ्या पोराच्या उत्साहात कॉइल भाजून निघते. आमची मळलेली होती. तिची बटणे टंगस्टनची, कठीण. तिथे कागद पुरत नाही, कानसच लागते. पाच मिनिटांचे काम.

मग मी बाजूला झालो आणि ते खेळायला उभे राहिले. त्यांच्या बोटांना कानस पेलत नव्हती, पण फ्लिपरच्या बटणाला जोर लागत नाही, नुसता स्पर्श पुरतो. टोला मारते ती कॉइल. ते अर्धा तास खेळले. रात्री त्यांनी मुलाला फोन केला, आणि शनिवारी भंगारवाला बाकीचे सामान घेऊन गेला. पेन्सिलीच्या टिपणांचा तो नकाशा त्यांनी घडी करून यंत्राच्या पेटीत ठेवला. नातीला लागेल, म्हणाले.

पिनबॉल आजही बनतात. शिकागोच्याच उपनगरात स्टर्न कंपनीचा कारखाना चालू आहे. परंतु 1970 च्या दशकाच्या अखेरीस रिलेंची जागा इलेक्ट्रॉनिक पाट्यांनी घेतली आणि दोषांच्या जातीही बदलल्या. तिथे यंत्र सुरू करताच एखादी कॉइल ओढून धरून बसली, तर बहुधा तिला वीज देणारा ट्रान्झिस्टर गेलेला असतो. त्या काळच्या पाट्यांचा मोठा शत्रू म्हणजे त्यांच्यावरच बसवलेली बॅटरी. विसरलेली बॅटरी पाझरते आणि तांब्याच्या बारीक वाटा हिरव्या करून खाऊन टाकते. आपल्या घरात पिनबॉल नसेल, पण टॉर्च, रिमोट आणि भिंतीवरचे घड्याळ आहेच. फार दिवस वापरात नसलेल्या वस्तूतले सेल आज काढून ठेवा.

आणि दिवाळीच्या माळांचे काय? मुलांनी गॅलरीत माळ लावली आणि ती पेटली नाही, की आपण लगेच नवी आणायला निघतो. थांबा. माळेचा एकच तुकडा विझला असेल आणि बाकीचे पेटत असतील, तर प्लग आणि भिंतीतली वीज निर्दोष आहे; स्वयंपाकघराला नावे ठेवू नका, त्या तुकड्याकडे वळा. आधी प्लग काढा. एकेक दिवा दोन-चार व्होल्टांचा असला तरी माळेत 230 व्होल्ट खेळत असतात, ते पिनबॉलच्या 25 व्होल्टांसारखे सोशीक नाहीत. मग त्या तुकड्यातला प्रत्येक दिवा त्याच्या घरात नीट बसला आहे का, पाय काळे पडले आहेत का, तार कुठे दाराच्या फटीत चेपली आहे का, ते पाहा. पायांची काजळी कागदाच्या पट्टीने पुसा. तार सोललेली दिसली, तर मात्र माळ टाकून द्या, तिथे काटकसर नको. आणि फ्यूज उडालाच, तर चांदीकडे हात नेऊ नका.

बाकी इस्त्र्या, पंखे आणि मिक्सर आहेतच. त्यांच्यासाठी नेहमीच्या अंकात भेटू. सर्व वाचकांना दिवाळीच्या शुभेच्छा.